पाहणारा डोळा आणि जागी स्मृती

(मंदिर, शाळा, पतसंस्था व गृहनिर्माण संस्था यांच्या विश्वस्तांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



आपण ज्या ज्या संस्थांचे प्रतिनिधी म्हणून येथे जमला आहात, त्यांपैकी बहुतेकांच्या दारावर एक पाटी असेल, 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात'. कॅमेरे बसले, कार्यालयात एक पडदा लागला, ठेकेदाराचे देयक चुकते झाले आणि इतिवृत्तात 'सुरक्षा व्यवस्था पूर्ण' अशी नोंद झाली. आजचा विषय त्या नोंदीच्या पुढचा आहे. व्यवस्था खरोखर पूर्ण झाली का, हे तीन प्रश्नांवरून ठरते. घटना घडत असताना ती कोणाला कळेल का? घडून गेल्यावर ती साठ्यातून सापडेल का? आणि सापडल्यावर ती न्यायालयात टिकेल का?

या तीन प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्याच्या भिंगात नाहीत. पहिल्याचे उत्तर आहे संवेदकात, म्हणजे सेन्सरमध्ये. दुसऱ्याचे आहे मेटाडेटात, आणि तिसऱ्याचे घड्याळात व कागदपत्रात. या गोष्टींना फार पैसा लागत नाही, अवधान मात्र लागते. आपल्याकडे उणीव असते ती अवधानाची.

कळणे महत्त्वाचे, की नंतर पाहणे?

रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचा सुवर्णगणेश आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत सापडलेला तो मुखवटा अवघ्या महाराष्ट्राच्या श्रद्धेचा विषय झाला. २४ मार्च २०१२ च्या पहाटे तेथे दरोडा पडला. दोन रखवालदारांचे प्राण गेले, मुखवटा चोरीस गेला आणि वितळवला गेला. पुढे तपास झाला, गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापनाही झाली. परंतु गेलेले दोन जीव कोणत्याही निकालाने परत येत नाहीत. म्हणून विश्वस्तांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न 'चोर नंतर दिसेल का' एवढाच असू शकत नाही. 'कडीला हात लागताक्षणी गावाला जाग येईल का' हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

कॅमेरा स्वतःहून जाग आणत नाही. तो पाहतो आणि साठवतो. जाग आणण्याचे काम संवेदकाचे. दाराच्या चौकटीत बसणारी चुंबकीय कळ, उष्ण शरीराची हालचाल ओळखणारा पीआयआर संवेदक, तिजोरीच्या वा दानपेटीच्या अंगाला चिकटवलेला कंपन-संवेदक, धूर ओळखणारे यंत्र, रोखपालाच्या मेजाखाली असलेले संकटकाळचे बटण, हे सर्व त्याच कुळातले. त्यांची भाषा अगदी साधी आहे. परिपथ जोडलेला किंवा तुटलेला, एवढे दोनच शब्द त्यांना येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या व जवळजवळ सर्व चांगल्या नोंदणीयंत्रांच्या मागील बाजूस 'अलार्म इनपुट' असे लिहिलेली लहान जोडणी असते, ती या दोन शब्दांसाठीच. अनेक संस्थांत ही जोडणी आयुष्यभर रिकामी राहते. विकत घेतलेल्या वस्तूचा निम्मा उपयोग आपण खोक्यातच ठेवून देतो.

तार तुटली तर काय होईल?

संवेदक जोडताना एक निवड करावी लागते आणि ती सहसा तारतंत्रज्ञाच्या सोयीने होते. शांत अवस्थेत परिपथ उघडा ठेवावयाचा की बंद? इंग्रजीत यांना नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड म्हणतात.

समजा, देवळाच्या मागील दाराचा संवेदक 'उघडा' या पद्धतीने जोडला आहे. दार उघडले की परिपथ जुळतो आणि सूचना जाते. पण चोराने आधी तारच कापली तर? परिपथ आधीही उघडा होता, आताही उघडाच आहे. यंत्राच्या लेखी काहीच घडलेले नाही. हीच जोडणी 'बंद' पद्धतीची असती, तर तार कापताक्षणी परिपथ तुटला असता आणि सूचना गेली असती. उंदराने तार कुरतडली, सुतारकामात खिळा घुसला, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने जोड गंजला, तरी ती व्यवस्था गप्प राहत नाही, ओरडते. रखवालदार झोपला तर घंटा वाजावी, असाच हा न्याय आहे.

याहून हुशार चोरासाठी याहून पुढची सोय आहे. परिपथाच्या अगदी टोकाला, संवेदकापाशी, ठरावीक मूल्याचा एक रोधक जोडतात. मग यंत्र केवळ 'जोडलेले की तुटलेले' एवढेच पाहत नाही, परिपथाचा रोध मोजत राहते. तार कापली तरी कळते आणि दोन तारा एकमेकींना जोडून फसवण्याचा प्रयत्न केला तरी कळते. रोधकाची किंमत नगण्य असते. मात्र यंत्राचे इनपुट ही सोय असलेले हवे आणि रोधक संवेदकाच्या टोकाला हवा. यंत्राजवळच्या पेटीत बसवलेला रोधक तारेचे रक्षण करीत नाही.

जोडणी झाली की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक इनपुटची स्वतंत्र नोंद करावी लागते. येथे पहिला नियम नावाचा. 'इनपुट १' या नावाचा रात्री अडीच वाजता काहीही उपयोग नसतो. 'गाभारा मागील दार' असे नाव असेल, तर फोनवर सूचना वाचणाऱ्याला कोठे धावावयाचे ते कळते. दुसरा नियम अवस्थेचा. तारजोडणी 'बंद' पद्धतीची आणि सॉफ्टवेअरमध्ये नोंद 'उघडा' पद्धतीची झाली, तर दिवसभर खोटी सूचना आणि खऱ्या क्षणी मौन, असा उलटा कारभार होतो. तिसरा नियम कृतीचा. संवेदक जागा झाला की पुढे काय व्हावे, हे कोणीतरी लिहून द्यावे लागते. कोणत्या कॅमेऱ्याचे चित्रण सुरू व्हावे? दिवा लागावा का, भोंगा वाजावा का, सूचना कोणाकोणाला जावी? हा नियम न लिहिता जोडलेला संवेदक म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र.

येथे एक बारकावा आहे. दार उघडल्यावर चित्रण सुरू केले, तर दार उघडण्यापूर्वीचे काहीच मिळणार नाही. कुलूप तोडणारा माणूस तोडताना दिसावयास हवा. म्हणून चांगल्या प्रणाली काही सेकंदांचे चित्र सतत तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतात आणि संवेदक जागा होताच ते मागचे क्षण नोंदीला जोडतात. हा काळ किती असावा, हे ठरवावे लागते. देवळाच्या वा पतसंस्थेच्या दारासाठी दहा-पंधरा सेकंद तरी असावेत.

आपले हवामान, आपल्या पाली

पुस्तकातली मांडणी आपल्या मातीत जशीच्या तशी चालत नाही. पीआयआर संवेदक माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता आणि मागील भिंतीची उष्णता यांतील फरक ओळखतो. कातडीचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तापलेली भिंत संध्याकाळीही त्याच तापमानाच्या आसपास असते. फरकच उरला नाही तर संवेदकाला माणूस 'दिसत' नाही. त्यामुळे विदर्भात केवळ पीआयआरवर विसंबू नये. दाराची कळ किंवा सूक्ष्म लहरींचाही उपयोग करणारा जोडसंवेदक सोबत असावा.

कोकणात अडचण वेगळी. रात्रीच्या चित्रणासाठी कॅमेऱ्याभोवती जे अवरक्त दिवे असतात, त्यांच्याकडे कीटक येतात, कीटकांसाठी पाली येतात आणि कोळी भिंगासमोर जाळे विणतो. वाऱ्याने हललेले जाळे कॅमेऱ्याला मोठी हालचाल वाटते आणि एका रात्रीत शेकडो सूचना निघतात. तिसऱ्या रात्री सचिव फोनचा आवाज बंद करून झोपतात, आणि चौथ्या रात्रीची सूचना खरी असू शकते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे, ती यंत्रांनाही लागू आहे. भिंग दर आठवड्याला पुसणे, दिवा कॅमेऱ्यापासून दूर लावणे, आणि केवळ चित्रातील हालचालीवर नव्हे तर दार-संवेदक व हालचाल दोन्ही एकत्र आल्यावरच मोठी सूचना देणे, हे साधे उपाय आहेत.

वीज गेल्यावर काय, हेही पाहावे. नोंदणीयंत्राला बॅटरी दिलेली असते, पण कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या स्विचला आणि इंटरनेटच्या पेटीला ती नसते. कॅमेरा बंद पडला की त्याच्या पाठीला जोडलेला संवेदकही मुका होतो. साखळीतील प्रत्येक कडीला आधार हवा.

माहितीविषयीची माहिती

आता दुसरा प्रश्न, घडून गेलेली घटना सापडेल का?

२००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्यानंतर मुंबईत शहरव्यापी निगराणीचा विचार सुरू झाला आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची यंत्रणा पूर्ण झाली. हिशेब करून पाहा. एवढे कॅमेरे एका दिवसात एक लाखाहून अधिक तासांचे, म्हणजे जवळजवळ १३ वर्षांचे चित्रण निर्माण करतात. ते पाहणार कोण? आपल्या आठ कॅमेऱ्यांच्या शाळेचेही तेच आहे. महिन्याभरात पाच हजारांहून अधिक तासांचे चित्रण साठते. 'गेल्या पंधरवड्यात कधीतरी प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शक गेला' असे कळल्यावर ते कोणी पाहत बसत नाही.

येथे मेटाडेटा कामास येतो. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. ग्रंथालयात पुस्तक वेगळे आणि त्याचे सूचिपत्र वेगळे असते. सूचिपत्रावर ग्रंथाचा मजकूर नसतो, पण ग्रंथ कोठे आहे ते कळते. चित्रणासोबत कॅमेरा असेच सूचिपत्र लिहीत असतो. अमुक क्षणी, चौकटीच्या अमुक भागात, एक वस्तू आहे, ती बहुधा माणूस आहे, ती डावीकडून उजवीकडे गेली. चित्रणाच्या तुलनेत याला जागा अगदी थोडी लागते, पण त्यामुळे पंधरा दिवसांतील 'रात्री दहानंतर प्रयोगशाळेच्या दारात आलेली माणसे' एवढेच क्षण काही मिनिटांत समोर येतात.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत, यासाठी २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ नावाची संघटना स्थापली. तिने २०२१ मध्ये केवळ मेटाडेटा व विश्लेषणाच्या घटनांसाठी 'प्रोफाइल एम' नावाचे मानक दिले. निविदा काढताना हे नाव लक्षात ठेवावे. एका कंपनीचा कॅमेरा आणि दुसरीचे नोंदणीयंत्र घेतले, तर चित्र दिसते पण सूचिपत्र पोहोचत नाही, असे पुष्कळदा घडते.

मांडणी करताना दोन ठिकाणी कळ दाबावी लागते. आधी कॅमेऱ्यात विश्लेषण चालू करावे लागते, मग नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याचा मेटाडेटा हा स्वतंत्र प्रवाह म्हणून स्वीकारून त्याची साठवण चालू करावी लागते. पहिले होते आणि दुसरे राहते. पडद्यावर माणसाभोवती चौकोन दिसतो, सारे समाधानी होतात. शोध घेण्याची वेळ आल्यावर कळते, की चौकोन दिसत होता पण नोंदला जात नव्हता. शिवाय चौकोनाची जागा चित्राच्या मोजमापात लिहिलेली असते. कॅमेरा उलटा टांगून चित्र सॉफ्टवेअरमध्ये सरळ केले, तर काही यंत्रांत चौकोन जुन्याच दिशेने राहतात. बसवणाऱ्याकडून हे समोर चालून तपासून घ्यावे.

मेटाडेटा केवळ चोरासाठी नाही. ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास जीव गेले. त्या जखमा महाराष्ट्र विसरलेला नाही. प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याने आत गेलेल्यांची व बाहेर आलेल्यांची संख्या मोजली, तर वजाबाकीने आत किती माणसे आहेत ते क्षणोक्षणी कळते. दर चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या पुढे गर्दी गेली की माणूस स्वतःच्या इच्छेने चालत नाही, लोटला जातो. ती वेळ येण्याआधी बाहेरची रांग थांबवण्याचा निर्णय घेता येणे, हा या आकड्याचा खरा उपयोग. मात्र आकडा कितीवर गेला की स्वयंसेवकांनी कोणते दार बंद करावयाचे, हे यात्रेच्या आधी ठरलेले हवे. संख्या सांगते यंत्र, दोर धरतो माणूस.

घड्याळ आणि न्यायालय

तिसरा प्रश्न पुराव्याचा. त्याचा पाया म्हणजे घड्याळ. साध्या स्फटिकाच्या घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे पन्नास सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांहून अधिक फरक पडतो. दाराचा संवेदक एक वेळ सांगतो, कॅमेरा दुसरी, नोंदणीयंत्र तिसरी. त्यात मेटाडेटातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. कोठेतरी हा विभाग चुकीचा निवडला गेला, तर रात्री दोनची घटना आदल्या संध्याकाळी साडेआठची ठरते.

उपाय सोपा आहे. सर्व यंत्रांनी एकाच वेळ-सेवेकडून वेळ घ्यावी. भारताची प्रमाणवेळ राखणारी संस्था म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिची वेळ इंटरनेटवरून घेता येते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेनेही संस्थांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या वा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले आहे.

काही मिनिटांनी काय बिघडते, असे वाटत असेल तर जालन्याचा खटला आठवावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर आणि वेळ दुपारी तीनपर्यंत. अर्ज त्या वेळेनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेतला गेला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा पुरावा झाला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ यंत्रच न्यायालयासमोर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. त्या खटल्यात प्रमाणपत्र मिळवण्याचे सर्व प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते, म्हणून अर्जदारांना त्याची झळ लागू दिली नाही, एवढेच. लोकप्रतिनिधीची निवड घड्याळाच्या काट्यावर येऊन ठेपते, हे आपल्याच मराठवाड्याने पाहिले आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून घटना कळताच संबंधित चित्रण, त्याचा मेटाडेटा व संवेदकांची नोंद एकत्र काढून घ्यावी, त्याच दिवशी हॅश काढून इतिवृत्तात लिहावे, आणि मोबाइलवर पडद्याचे चित्रीकरण करून समाधान मानू नये. विलंब झाला तर यंत्र जुन्यावर नवे लिहिते. सेकंदाला चार मेगाबिट घेणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी जागा घेतो, सोळा कॅमेरे महिन्याला २० टीबीहून अधिक. आपल्या यंत्रात प्रत्यक्षात किती दिवस मावतात, हे ठेकेदाराला न विचारता स्वतः सर्वांत जुनी नोंद उघडून पाहावे.

रक्षण करणाऱ्याचे रक्षण

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील महिलांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. सुरक्षेसाठी बसवलेला डोळाच परक्याच्या हाती गेला होता. आपल्या आया-बहिणींच्या लज्जेशी असा व्यवहार होतो, याला कारण पुष्कळदा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नसतो, इतके क्षुल्लक असते. मिराई नावाच्या विघातक आज्ञावलीने २०१६ मध्ये जगभरातील असेच कॅमेरे व नोंदणीयंत्रे ताब्यात घेऊन इंटरनेटच्या मोठ्या सेवा ठप्प केल्या होत्या. केंद्र शासनाने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीचे निकष लागू केले आहेत, नवी खरेदी करताना त्याचे प्रमाणपत्र मागावे.

खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेजाऱ्याच्या खिडकीकडे भिंग नसावे. कपडे बदलण्याच्या जागी, प्रसाधनगृहात कॅमेरा असू नये. तेथे सुरक्षा हवी असेल तर दाराची कळ आणि संकटकाळचे बटण पुरते. चित्र न काढता जाग आणणे, हा संवेदकाचा मोठा गुण आहे. चित्रात एखादा भाग झाकला म्हणजे त्या भागाचा मेटाडेटाही थांबला, असे समजू नये. ते स्वतंत्रपणे तपासावे.

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी प्रत्येकाने आपल्या संस्थेत एक तास द्यावा. एकाने दार उघडावे, दुसऱ्याने घरी बसून सूचना येते का पाहावे. संवेदकाची एक तार सोडवून यंत्र ओरडते का ते पाहावे. सर्व घड्याळे एकमेकांशी ताडून पाहावीत. गेल्या आठवड्यातील ठरावीक प्रसंग मेटाडेटाने शोधून दाखवा, असे ठेकेदाराला सांगावे. पासवर्ड बदलावा आणि तो कोणाकडे आहे याची नोंद करावी. ही परीक्षा दर तीन महिन्यांनी व्हावी आणि तिचा निकाल इतिवृत्तात यावा.

समाजाने आपल्यावर विश्वास टाकला म्हणून आपण विश्वस्त. देवाचे दागिने, ठेवीदारांचे पैसे, मुलांची शाळा आणि रात्री पहारा देणाऱ्या माणसाचा जीव आपल्या स्वाधीन आहे. जागते रहो ही हाक रखवालदाराने दिली की आपण निर्धास्त झोपतो. तो हाक देतो तेव्हा त्याच्या पाठीशी जागे कोण आहे, याची व्यवस्था करणे हे आपले काम आहे.